न नोंदवलेले होमरन

१० मे २००७, गुरुवार. फ्रीमाँट

आजपासून लिहितो आहे, कारण बोलायला कुणी नाही. नीला होती तोवर दिवसभराचं साचलेलं सगळं संध्याकाळच्या चहाबरोबर तिच्यापुढे ओतायचो. ती ऐकायची का, हा प्रश्न वेगळा. फेब्रुवारीत ती गेली आणि यशोधनने तिकीट पाठवलं. "बाबा, सहा महिने या, चेंज होईल." झाला चेंज. पुण्यात निदान भाजीवाला तरी हुज्जत घालायचा, इथे रस्त्यावर माणूसच दिसत नाही.

घर टाउनहाऊस. म्हणजे दुमजली आणि शेजाऱ्याच्या भिंतीला चिकटलेलं. यशोधन सॅन होजेत चिप बनवणाऱ्या कंपनीत आहे. सून ज्ञानदा खाडीवरच्या पुलापलीकडे, हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत मॅनेजर. तिची घरी यायची वेळ ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नात रुही सात वर्षांची. ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत उत्तर देतो, आणि दोघांचंही अडत नाही.

नीलाही नोकरी करत होती. शाळेत शिकवायची, पण पाचला घरात हजर आणि सातला तव्यावर पोळी. शाळा घरासमोरच होती म्हणा.

१५ मे, मंगळवार

आज लायब्ररीत गेलो. यशोधनच्या वाटेवरच आहे ती, पण त्याला सकाळी घाई असते. ज्ञानदाला वाट उलटी पडते. तिनेच सोडलं.

तिथे कोपऱ्यात एक गोल टेबल आहे. दर मंगळवारी म्हातारे जमतात आणि बेसबॉलवर भांडतात. मला तिथे नेलं गुरुदत्त शिरोडकरांनी. बहात्तर वर्षांचे, मुंबईला विम्याच्या कचेरीत होते, आता नऊ वर्षं लेकीकडे. टेबलाचा मालक मात्र टर्नर. ऐंशीचा काळा माणूस, ओकलंडमध्ये पस्तीस वर्षं टपाल वाटलं, पाठ अजून ताठ.

वादाचा विषय एकच: आजवरचा सगळ्यात मोठा बॅटर कोण? शिरोडकर बाँड्सच्या बाजूने. "अहो प्रोफेसर, आपल्या सॅन फ्रान्सिस्कोचा माणूस. घरचा सोडून बाहेरचा कशाला?" यावर वाद घालायला लागणारी बुद्धी त्यांनी मुंबईतच ठेवलेली दिसते.

मी चौतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. ब्रॅडमनचं वेड त्यातूनच लागलं. आकडे मिळाले की कुठलाही खेळ समजायला मला आठवडा पुरतो. जाडजूड रेकॉर्ड बुक घरी घेऊन आलो आहे.

२२ मे, मंगळवार

आठवड्यात पुस्तक पालथं घातलं आणि आज टेबलावर माझा सिद्धान्त मांडला. वेगवेगळ्या काळातल्या दोन माणसांची थेट तुलना करणं हा अडाणीपणा आहे. तेव्हाचे चेंडू वेगळे, मैदानं वेगळी, प्रवास वेगळा. प्रत्येकाला त्याच्या काळातल्या लोकांशीच तोलायचं. बेब रूथने १९२० साली चौपन्न होमरन मारले, म्हणजे आपल्याकडचे षटकारच. त्याच्या लीगमधल्या दुसऱ्या कुठल्याही अख्ख्या संघाला मिळून तेवढे जमले नाहीत. संपला वाद.

शिरोडकर गप्प. फार दिवसांनी कुणाला तरी गप्प केलं. बरं वाटलं.

टर्नर मात्र हसला. मला मॅचची नोंद कशी ठेवतात ते शिकवलं. प्रत्येक बॅटरला एक ओळ, प्रत्येक डावाला एक चौकोन, त्यात खुणा. फिल्डरने घाण केली की 'ई'. एरर, म्हणजे चूक. पेन्सिलीनेच लिहायचं म्हणे. मी वही विकत घेतली.

२६ मे, शनिवार

यशोधन आणि मी दुपारी टीव्हीसमोर बसून पूर्ण मॅच पाहिली. मी वहीत नोंदी करत होतो, तो मला खेळाडू ओळखून देत होता. दहावीनंतर हा मुलगा माझ्याजवळ एवढा वेळ बसलेला मला आठवत नाही. मध्येच म्हणाला, "बाबा, तुम्ही आलात ते बरं झालं. घरात माझ्याशी बोलायला कुणी नसतं, यार." बापाला यार म्हणाला, पण मी चालवून घेतलं.

ज्ञानदा रुहीला पोहायला, तिथून मराठी शाळेला, तिथून कुणाच्या तरी वाढदिवसाला घेऊन गेली होती. शनिवारीसुद्धा ही बाई घरात टिकत नाही.

४ जून, सोमवार

आज एक गंमत सुचली. वहीचं मागचं पान उघडलं, ओळीत 'ज्ञानदा' लिहिलं आणि पहिल्या चौकोनात 'ई'. संध्याकाळी ७:३५ ला आली. एका हातात पिशव्या, खांद्यावर झोपलेली रुही. आल्याआल्या म्हणाली, "बाबा, जेवलात का तुम्ही? यशोधन, कुकर तरी लावायचा होतास." यशोधन दिवसभर काम करून आलेला, मॅच बघत होता. दमलेल्या माणसाला कुकर काय लावायला सांगायचा?

जेवायला सव्वाआठ. नीलाच्या राज्यात असं कधी घडलं नाही.

१२ जून, मंगळवार

आज टेबलावर वातावरण तापलं. टर्नर म्हणाला, तुझा सिद्धान्त बरोबर आहे, पण रूथला तू कुणाशी तोललंस? फक्त गोऱ्यांशी. १९४७ पर्यंत काळ्यांना त्या लीगमध्ये पाऊल टाकू देत नव्हते. मग त्याने जॉश गिब्सनचं नाव घेतलं. काळ्यांच्या लीगमधला राक्षस बॅटर. सत्तेचाळीसच्या जानेवारीत पस्तिसाव्या वर्षी गेला आणि त्याच एप्रिलमध्ये दार उघडलं.

मी विचारलं, त्याचे होमरन किती?

टर्नर म्हणाला, "नक्की कुणालाच माहीत नाही. पुष्कळशा मॅचेस कुणी लिहिल्याच नाहीत. माझे वडील गावोगाव फिरून खेळायचे. एका दुपारी तीन मारलेले मी डोळ्यांनी पाहिलेत. ते कुठल्या पुस्तकात आहेत?"

मी म्हटलं, "मिस्टर टर्नर, तुमच्या भावना मी समजू शकतो. पण जे नोंदवलेलं नाही ते हिशेबात धरता येत नाही. आमच्या शास्त्राला आठवणी चालत नाहीत."

त्याने टेबलावरची टोपी उचलली. मग म्हणाला, "पेन्सील कुणाच्या हातात होती ते आधी विचारावं, प्रोफेसर." आणि टोपी घालून निघून गेला. शिरोडकर म्हणाले, तुम्ही जरा तोडून बोललात. मी खरं बोललो. खरं तोडूनच बोलावं लागतं.

२७ जून, बुधवार

यशोधनच्या हाती वहीचं मागचं पान लागलं. मला वाटलं रागावेल. पण खो खो हसला. "बाबा, हे भारी आहे! अकरा 'ई' झाल्या?" मग जरा थांबून म्हणाला, "कंटिन्यू करा. फक्त डेट आणि टाइम नीट लिहा. रुही किती वाजता आली, होमवर्क कोणी घेतला नाही, तेही."

विद्यार्थ्याने रस दाखवला की मास्तरला आणखी काय हवं? नवे रकाने आखले.

११ जुलै, बुधवार

ज्ञानदा ७:३०. ई. आल्यावर माझा नवा चष्मा हातात ठेवला. काच छान आहे, आता वहीतले बारीक आकडे नीट दिसतात.

२० जुलै, शुक्रवार

काल वरच्या खोलीत बंद दारामागे बोलणी चालली होती. शब्द कळले नाहीत. माझ्यावरूनच असणार. म्हातारा घरात आला की सुनांना जड होतोच. यशोधन हल्ली खालच्या कोचावर झोपतो. पाठ धरली आहे म्हणतो. मी त्याला एरंडेल गरम करून लावायला सांगितलं.

८ ऑगस्ट, बुधवार

काल बाँड्सने सातशे छप्पन्नावा होमरन मारला. हँक आरनचा सातशे पंचावन्नचा विक्रम मोडला. आरनने रेकॉर्ड केलेलं अभिनंदन मैदानातल्या मोठ्या पडद्यावर दाखवलं. यशोधन कोचावर उभा राहून ओरडला. मी वहीत चौकोन गडद केला. येत्या मंगळवारी शिरोडकर फुगून बसतील. बाँड्स स्टेरॉइड घेऊन खेळतो, अशी लोकांना शंका आहे. पण आकडा आकडा असतो.

एक गालबोट लागलं. काल यशोधन मॅचच्या नादात लवकर घरी आला आणि रुहीला समर कॅम्पमधून आणायचं विसरला. कॅम्पवाल्यांनी ज्ञानदाला फोन केला. ती मीटिंग सोडून पुलावरून आली. पोर पाऊण तास पायरीवर बसली होती. ज्ञानदा रुहीला घेऊन तशीच वर गेली.

होतं असं. बापाच्या हातून एखाद वेळी विसरलं जातं. आणि तसंही वहीत त्याची ओळ नाही.

१५ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. ज्ञानदाने पहाटे उठून एकवीस मोदक केले, उकडीचे. खोबरं फ्रोजन, पण कळ्या सुबक. तिच्या आईने फोनवरून शिकवले म्हणे. प्रतिष्ठापनेला मात्र सव्वाबारा वाजले, कारण मध्येच ऑफिसचा कॉल आला आणि ती पदर खोचून लॅपटॉपसमोर उभी राहिली. ई.

यशोधनने आरतीचा फोटो काढला. ज्ञानदा कॉलवर असतानाचाही काढला. कशाला, ते मला कळलं नाही.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

यशोधनने वही दोन दिवसांसाठी मागून घेतली. म्हणाला, "ऑफिसमधल्या मित्राला दाखवतो, तुमची स्टाइल." मी पुढच्या पानांवरची खाडाखोड पुसून नीट केली, नावाची चिठ्ठी चिकटवली. हस्ताक्षराबद्दल मला कॉलेजातही मान होता.

२ ऑक्टोबर, मंगळवार



संध्याकाळी एक अनोळखी माणूस दारात आला. ज्ञानदाचं पूर्ण नाव विचारलं, तिच्या हातात जाड पाकीट दिलं आणि गेला. यशोधन घरी नव्हता. ती ओट्यापाशी उभी राहून वाचत होती. मी म्हटलं, काय गं, काय आलं? ती पानं उलटत राहिली. मग एक पान माझ्यापुढे धरलं.

माझं अक्षर. फोटोकॉपी. तारीख, वेळ, ई. एकतीस नोंदी. मागे वकिलाची पानं. यशोधनने घटस्फोट मागितला आहे आणि रुहीचा ताबा.

मी म्हटलं, "ज्ञानदा, मला यातलं काही माहीत नव्हतं. ती गंमत होती."

तिने आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. म्हणाली, "बाबा, तुमच्या तारखा बरोबर आहेत. एकही चुकलेली नाही. अकरा जुलैला मी साडेसातला आले. तुमचा चष्मा आणायला गेले होते. ते पण लिहायचं ना."

मग वर गेली, दोन बॅगा भरल्या आणि रुहीला घेऊन मिलपिटासला सुवर्णाकडे गेली. सुवर्णा तिची कॉलेजची मैत्रीण. जाताना माझ्यासाठी भात आणि आमटी झाकून ठेवल्याचं सांगून गेली.

जेवलो नाही. फेकलंही नाही.

३ ऑक्टोबर, बुधवार

यशोधनला म्हटलं, तू मला फसवलंस. तो म्हणाला, "फसवलं काय? मी लिहायला सांगायच्या आधी तुम्हीच सुरू केलं होतंत, बाबा." हरामखोर, म्हणावंसं वाटलं. म्हटलं नाही. पोटचा आहे.

९ ऑक्टोबर, मंगळवार

शिरोडकरांच्या लेकीने लायब्ररीत नेलं. टर्नर होता. जूननंतर आम्ही जेवढ्यास तेवढंच बोलत होतो. आज त्याला सगळं सांगितलं. आधी दुसऱ्या कुणाची गोष्ट म्हणून सुरुवात केली, पण दोन वाक्यांत नाटक सुटलं.

त्याने एकच विचारलं. "दुसऱ्या ओळीत काय होतं?"

"दुसरी ओळ नव्हती."

"मुलाची?"

"नव्हती."

"म्हणजे तू अर्धीच लीग लिहिलीस." तो चिडून बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. मी त्याची माफी मागितली, जूनमधल्या बोलण्याची. त्याने मान हलवली. माफ केलं की नुसतं ऐकलं, ते कळलं नाही.

घरी येऊन कोऱ्या कागदावर तिचं बाकीचं लिहायला बसलो. चष्मा. मोदक. लायब्ररीच्या फेऱ्या. माझ्या प्रेशरच्या गोळ्या. ७ ऑगस्टला मीटिंग सोडून रुहीला आणायला आली ते. पुढे आठवेना. पाच महिने त्या बाईच्या हातचं जेवलो आणि पाचच गोष्टी आठवतात. तारखा तर तीनच. मी कॉलेजात असला तक्ता विद्यार्थ्याच्या अंगावर फेकला असता.

१८ ऑक्टोबर, गुरुवार

आज यशोधनच्या वकीलबाईंच्या ऑफिसात. काचेची खोली, पाण्याच्या छोट्या बाटल्या. त्यांनी एक कागद पुढे केला. ही वही मी स्वतः, त्या त्या दिवशी, खरी लिहिली आहे, असं शपथेवर सांगायचं.

मी विचारलं, "मी फक्त एकाच व्यक्तीच्या नोंदी ठेवल्या, हे त्यात घालता येईल का?"

बाई म्हणाल्या, यात काही खोटं आहे का? म्हटलं, नाही. मग एवढं पुरे, म्हणाल्या. समोरच्या वकिलाला जे विचारायचं ते तो विचारेल.

मी म्हटलं, जरा विचार करतो. यशोधनने मला बाहेर कॉरिडॉरमध्ये नेलं. तिथे तो रडला. चाळीस वर्षांचा माणूस, नाक पुसत म्हणाला, "बाबा, माझी मुलगी जाईल हो. आई असती तर तिने नातीला असं परक्यांच्या हातात वाढू दिलं असतं का? आईशी ज्ञानदाची तुलना तरी होते का?"

मला ठाऊक होतं काय म्हणायला हवं. दोन काळांतल्या दोन माणसांची थेट तुलना करणं हा अडाणीपणा आहे. पाच महिने हेच ओरडत होतो. नीलाची शाळा घरासमोर होती. नीलाची सासू घरात होती. नीलाचा नवराही पाचला घरी यायचा आणि पेपर वाचत बसायचा, ते कुणी लिहिलं नाही.

यातलं काही बोललो नाही. आत गेलो आणि सही केली. प्रत्येक ओळ खरी आहे, असं स्वतःला सांगितलं. मुलगा गमवायची मला भीती वाटली, हे खरं कारण. नीला गेल्यावर माझं या जगात दुसरं आहे कोण? भित्र्या माणसाला आकडे फार उपयोगी पडतात.

१३ नोव्हेंबर, मंगळवार

तात्पुरता हुकूम झाला. सोमवार ते शुक्रवार रुही इथे. बुधवारी संध्याकाळी आणि एकाआड एक शनिवार-रविवार आईकडे. शाळेनंतर घरात आजोबा असतात, हा मुद्दा आमच्या बाजूने फार वजनदार ठरला म्हणे. माझा मुक्काम वाढवायचा अर्ज यशोधनने मला न विचारताच केला होता.

ज्ञानदाच्या वकिलाने मला कोर्टात विचारलं, मुलाच्या उशिराची नोंद आहे का? मी म्हटलं, नाही. का नाही? मी म्हटलं, ठेवली नाही. त्याने "दॅट्स ऑल" म्हटलं आणि बसला. मी तसाच उभा राहिलो. मला वाटलं, तो आणखी विचारेल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. निदान असं मला वाटतं.

बाहेर ज्ञानदा भेटली. वाकून नमस्कार करायची सवय तिच्या हातापायांत इतकी भिनलेली, की ती अर्धी वाकली आणि मग सरळ झाली. "येते," म्हणाली. मला, की त्या इमारतीला, कोण जाणे.

२० नोव्हेंबर, मंगळवार

लायब्ररी बंद झाली. म्हणजे लायब्ररी चालू आहे, मला दर आठवड्याला सोडायला कुणी नाही. शिरोडकरांचा फोन आला. टेबलावर अजून रूथ आणि गिब्सन चालू आहे म्हणाले. म्हटलं, माझं मत गिब्सनला. ते म्हणाले, "अहो पण आकडे कुठे आहेत?" मी फोन ठेवला.

४ डिसेंबर, मंगळवार

रुहीला तीनला शाळेतून चालत आणतो. वाटेत ती बोलत नाही. घरी आल्यावर टेबलाशी बसून होमवर्क करते. मी दूध देतो, ती "थँक यू" म्हणते. परक्या माणसाला म्हणावं तसं.

आज यशोधन सहाला येणार होता. तिच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं, सहा ते साडेसात. तिचं खाडीवरच्या पुलाचं चित्र लावलं आहे. साडेपाचपासून ती जाकीट घालून खिडकीशी उभी. सहा झाले. साडेसहा झाले. यशोधनचा फोन लागेना. शाळा पंधरा मिनिटांवर, म्हटलं चल, आपण दोघंच जाऊ. ती म्हणाली, "डॅडी सेड वेट." सातला जाकीट न काढता खाली बसली.

साडेसात झाले, तेव्हा तिने विचारलं, "आजोबा, डॅडी इज लेट. आर यू नॉट रायटिंग इट?"

मी म्हटलं, ट्रॅफिक असेल गं.

"मम्मीला ट्रॅफिक नव्हता?" हे मराठीत म्हणाली.

"होता."

"बट यू रोट इट."

ती दप्तरातून कागद आणि पेन्सील घेऊन आली, माझ्यासमोर ठेवली. "हाऊ मेनी डिड मम्मी हॅव?"

"एकतीस."

"थर्टी-वन?" तिने खात्री करून घेतली. मग खाली वाकून, जीभ दातांत धरून, कागदाच्या कडेला वरपासून खालपर्यंत एक ते एकतीस आकडे लिहिले. एकतीसही एका बाजूला मावेनात म्हणून शेवटचे चार उलट बाजूला लिहिले. वर 'डॅडी' लिहिलं. कागद माझ्याकडे सरकवला.

मी एकच्या पुढे तारीख लिहिली. वेळ लिहायला यशोधन यायची वाट बघावी लागली. ७:५० ला गॅरेजचं दार वाजलं. ७:५० लिहिलं.

यशोधन आत आला, चाव्या टाकल्या. "सॉरी बेटा, मीटिंग वेंट लाँग." मग आमच्याकडे बघून, "काय लिहिताय तुम्ही दोघं?"

रुही म्हणाली, "इट्स फॉर द जज. सो आय कॅन गो बॅक टू मम्मी."

त्याने कागद उचलला. वरचं नाव वाचलं, खालचे आकडे वाचले, उलटून मागचे चार वाचले. त्याचा चेहरा उतरला. मला विचारलं, "बाबा, हे तुम्ही शिकवलंत तिला?"

"हो," मी म्हटलं. "मीच शिकवलं."